सतराव्या वर्षीच मेडिकल स्कूलची जागा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीतील पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीत आहे. तिचे गुण उत्तम आहेत आणि आपण डॉक्टर होणार, असे ती आठवीपासून सांगते आहे. कॉलेजबरोबरच मेडिकल स्कूलमधील प्रवेशाचीही हमी देणाऱ्या बीएस-एमडी कार्यक्रमांना अर्ज करावा, म्हणजे पुढची धाकधूक संपेल, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. मला मात्र इतक्या लहान वयात तिला बांधून टाकणे बरे वाटत नाही. आपण काय सुचवाल? – एक आई

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण तेवढ्यावरून अर्जच करू नये, असे मी म्हणणार नाही. तिच्या वडिलांची धास्तीही खोटी नाही. चार वर्षांची पदवी घेऊन, एमकॅट ही मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा देऊन नेहमीच्या मार्गाने मेडिकल स्कूलला अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या वर्षी कोठेच प्रवेश मिळत नाही. म्हणूनच ब्राउन विद्यापीठाचा पीएलएमई हा आठ वर्षांचा कार्यक्रम, मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचा सहा वर्षांचा कार्यक्रम किंवा पिट्सबर्ग विद्यापीठाचा हमीचा प्रवेश यांकडे हुशार मुलांची रीघ लागते. मात्र या रांगेत उभी असलेली जवळपास सगळीच मुले वर्गात पहिली-दुसरी येणारी असतात आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे धाकधूक संपत नाही, ती चार वर्षे अलीकडे येते, एवढेच.

ही हमी सशर्त असते, आणि माझा सगळा भर त्या अटींवर आहे. बहुतेक ठिकाणी कॉलेजात ठरावीक जीपीए (चारपैकी सरासरी गुण; ए म्हणजे ४, बी म्हणजे ३) टिकवावा लागतो, काही ठिकाणी एमकॅटमध्ये किमान गुणही मिळवावे लागतात, तर ब्राउनसारख्या ठिकाणी एमकॅटची गरज नसते. समजा, अट ३.७५ जीपीएची आहे. एका सेमिस्टरला सारख्या क्रेडिटचे चार विषय घेतले आणि तिघांत ए व ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी मिळाला, तर सरासरी नेमकी ३.७५ येते; त्याच सेमिस्टरला दुसरा बी आला, की ती ३.५ वर घसरते आणि पुढच्या सेमिस्टरला चारही विषयांत ए मिळवून ती भरून काढावी लागते. अट ३.५ ची असेल, तर हीच मुलगी निर्धास्त राहील. म्हणून हा आकडा एकूण जीपीएचा आहे की फक्त विज्ञान विषयांचा, तो दरवर्षी तपासतात की शेवटी, एकदा खाली आल्यास सुधारण्याची मुदत मिळते का, आणि दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केल्यास राखलेली जागा जाते का, हे सारे प्रवेश कार्यालयाकडून लेखी मागवून घ्यावे. माहिती चालू वर्षाची असावी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा एवढा नावाजलेला कार्यक्रमही नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाला, आणि जुन्या माहितीवर विसंबणारे पालक अजूनही भेटतात.

आणखी एक बाब पुष्कळांच्या लक्षात उशिरा येते. ब्राउनला अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच येण्याचे वचन देऊन, अर्ज केला आणि पीएलएमई नाकारून केवळ कॉलेजचा प्रवेश दिला, तरी तो प्रवेश बंधनकारकच राहतो. त्यामुळे हमी वजा केली तरी जिथे ती आनंदाने चार वर्षे शिकेल, तेच विद्यापीठ यादीत ठेवावे. ही कसोटी मला इतर कोणत्याही कसोटीपेक्षा मोलाची वाटते, कारण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी आवड बदलणे हा काही गुन्हा नव्हे, आणि बहुतेक कार्यक्रमांतून नेहमीची पदवी घेऊन बाहेर पडता येते. अडचण नियमांची क्वचितच असते. एवढी मिळालेली जागा सोडायची कशी, या घरच्यांच्या दडपणाची ती अधिक असते, आणि ते दडपण तिच्यावर येऊ नये, ही जबाबदारी आपली आहे.

अर्ज भरण्यापूर्वी तिला या उन्हाळ्यात एखाद्या रुग्णालयात किंवा वृद्धसेवा केंद्रात सलग काही आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करू द्यावे. आजारी माणसाच्या सहवासात ती रमते की नाही, हे आठवीपासूनच्या निश्चयापेक्षा तिथे जास्त स्पष्ट होईल, आणि निवड समितीसमोरही तोच अनुभव बोलेल. तिचे मन अर्धवट असेल, तर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अर्ज करण्याची सोयही आहे. न्यूयॉर्कच्या माउंट साइनाय मेडिकल स्कूलच्या फ्लेक्समेड कार्यक्रमात कोणत्याही मेजरचा (मुख्य विषयाचा) विद्यार्थी त्या टप्प्यावर अर्ज करू शकतो आणि त्याला एमकॅट द्यावी लागत नाही. माझ्या मते पुष्कळ मुलांना हाच मार्ग अधिक मानवतो.

प्रश्न : आम्ही नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहोत आणि मुलगा कुटुंबीयांना मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर दहावीत आहे. तो अशा कार्यक्रमांना पात्र ठरेल का?

उत्तर : यांतील अनेक कार्यक्रम नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांपुरतेच असतात, म्हणून यादी करताना पात्रतेची ओळ सर्वांत आधी पाहावी. ब्राउनचा पीएलएमई आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांनाही खुला आहे. पण २१ वर्षे पूर्ण होताच एच-४ दर्जा संपतो आणि हा टप्पा नेमका पदवीच्या काळात येतो, तेव्हा एफ-१ या विद्यार्थी दर्जाची तयारी वर्षभर आधी सुरू करावी. ग्रीन कार्डसाठी वय मोजण्याचे नियम वेगळे आहेत. त्याबाबत इमिग्रेशन वकिलाचाच सल्ला घ्यावा. शिवाय अमेरिकेच्या केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्ज त्याला मिळणार नाही, आणि काही मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थ्यांकडून एक किंवा अधिक वर्षांची रक्कम आगाऊ जमा करून घेतात. प्रवेशपत्र हाती आल्यावर हे कळणे फार क्लेशदायक असते.

प्रश्न : पुतणीला वकील व्हायचे आहे. कायद्याच्या शिक्षणासाठीही अशी सोय आहे का?

उत्तर : आहे, तिला थ्री-प्लस-थ्री म्हणतात. तीन वर्षे कॉलेजात काढून चौथ्या वर्षी विद्यार्थी लॉ स्कूलमध्ये बसतो, ते वर्ष पदवीतही धरले जाते, आणि सातऐवजी सहा वर्षांत दोन्ही पदव्या हाती येतात. पदवीचे तीन चतुर्थांश काम झालेल्यांना असा प्रवेश देण्याची मुभा लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमांतच आहे. एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा मात्र बहुतेक ठिकाणी द्यावी लागते. हा कार्यक्रम सहसा एकाच लॉ स्कूलशी जोडलेला असतो, म्हणून तिथले पदवीधर कोणत्या राज्यात आणि कसल्या नोकऱ्यांत जातात, हे आधी पाहावे. अधिक नावाजलेल्या शाळेत किंवा भरघोस शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळण्याइतके तिचे गुण असतील, तर वाचणाऱ्या एका वर्षासाठी ती संधी सोडू नये.

खर्चाविषयी तिघांनाही सांगतो. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे, शिक्षणाच्या पूर्ण खर्चापर्यंत मिळणारे ग्रॅड प्लस कर्ज बंद होत असून वैद्यक, कायदा यांसारख्या शिक्षणासाठी केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार व एकूण २ लाख डॉलर राहील. अनेक खासगी मेडिकल स्कूलची चार वर्षांची फीच याहून अधिक भरते आणि राखलेल्या जागेबरोबर ही रक्कम कोणी देत नाही, त्यामुळे विद्यापीठांची यादी करतानाच प्रत्येकापुढे एकूण खर्च लिहून काढावा.