फिलिपिन्स घेताना अमेरिकेत विरोध झाला नव्हता का?

प्रश्न : सर, १८९८ मध्ये स्पेनला हरवून अमेरिकेने फिलिपिन्स घेतले. जी स्वतः वसाहत होती, तिला हे पटले कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सगळ्यांना पटले नव्हते. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवताना मी हा वाद मुद्दाम वर्गात घ्यायचो. बाजूने बोलणाऱ्यांत पुढे सिनेटर झालेले बेव्हरिज आघाडीवर. मनिला हाती आले की चीनची बाजारपेठ खुली, आपण घेतले नाही तर जर्मनी घेईल, शिवाय तिथल्या लोकांना सुधारणे हे आपले कर्तव्य, असे हे मुद्दे. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर होर बेव्हरिज यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, पण ते अडून बसले. शासितांच्या संमतीवाचून राज्य करायचे, तर आपला स्वातंत्र्याचा जाहीरनामा कशाला, हा त्यांचा सवाल. मला तो आजही बिनतोड वाटतो.

पण विरोधक सगळे उदार नव्हते, हेही सांगायलाच हवे. दक्षिणेतले सिनेटर टिलमन विरोधात होते ते वर्णद्वेषापोटी. गौरेतर लोक संघराज्यात नकोत म्हणून.

६ फेब्रुवारी १८९९ रोजी स्पेनशी झालेला, फिलिपिन्स अमेरिकेला देणारा तह सिनेटमध्ये ५७ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. लागणाऱ्या दोन तृतीयांशाहून जेमतेम एक मत जास्त! किंमत दोन कोटी डॉलर, तीही स्पेनला. ज्या फिलिपिनो लोकांनी १२ जून १८९८ लाच स्वातंत्र्य जाहीर केले होते, त्यांना कुणी विचारलेच नाही. मतदानाच्या दोन दिवस आधी मनिलाजवळ अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला होता.