सर्व्हेत लाल शेरे आले, आता किंमत पाडून मागायची का?

प्रश्न : इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये 1930च्या दशकातलं एक सेमी-डिटॅच्ड (शेजारच्या घराशी एक भिंत सामायिक असलेलं) घर 2,85,000 पौंडांना ठरलंय. आमचं पहिलंच घर. 10 टक्के आमचे, बाकी कर्ज. सगळे खर्च जाऊन हातात 9,000 उरतील. लेव्हल टू सर्व्हेत (खरेदीआधीची घराची मध्यम पातळीची तपासणी) वायरिंग, छताची पन्हळ आणि मागच्या भिंतीची ओल यांना लाल शेरा, म्हणजे तातडीने दुरुस्ती किंवा तपासणी हवी असा शेरा, मिळाला. कोटेशनं अशी : फ्यूज बॉक्स बदलायला 900, पन्हळीला 650, भिंतीलगतची माती काढायला 400, ओलीच्या ट्रीटमेंटला 3,500. एकूण 5,450. नवरा म्हणतो, तेवढी किंमत कमी करून घेऊ. सासरे म्हणतात, घरच सोडा.

उत्तर : घर सोडू नका. आणि किंमत कमी करून घेण्यापेक्षा विक्रेत्याकडून कामं करून घ्या.

कारण साधं आहे. किंमत 5,450ने उतरली, तरी त्यातला 90 टक्के भाग कर्जातून कमी होतो. तुमच्या खिशात आज वाचतात फक्त 545 पौंड. उरलेल्याचा फायदा हप्त्यात दिसेल : 30 वर्षं, 5 टक्के व्याज धरलं तर महिन्याला साधारण 26 पौंड. इलेक्ट्रिशियनला मात्र रोख पैसे द्यावे लागतात. कर्ज आहे तेवढंच ठेवायचं म्हणाल, तर ते किमतीच्या 90 टक्क्यांच्या वर जातं आणि बँक तयार होईलच असं नाही. शिवाय बदललेली किंमत सॉलिसिटरला (खरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाला) बँकेला कळवावीच लागते. त्यात वेळ जातो, आणि एक्स्चेंजपर्यंत, म्हणजे करार दोघांवर बंधनकारक होईपर्यंत, विक्रेताही मोकळाच असतो.

त्याऐवजी फ्यूज बॉक्स आणि पन्हळ ही दोन कामं एक्स्चेंजच्या आधी करून मागा. तुमचे थेट 1,550 वाचतात. फ्यूज बॉक्स बदलणं इंग्लंडमध्ये बिल्डिंग रेग्युलेशन्सखाली येतं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने केलं की त्याचं सर्टिफिकेट मिळतं, त्यामुळे विक्रेत्याने काम कसंतरी उरकलं ही भीती बरीच कमी होते. पन्हळ पावसात जाऊन डोळ्यांनी बघता येते.

ओलीचे 3,500 आत्ता कुणालाच देऊ नका. ते कोटेशन ट्रीटमेंट विकणाऱ्या कंपनीच्या मोफत तपासणीतून आलं असेल, तर त्यावर विसंबू नका. बाहेरची माती भिंतीतल्या ओलरोधक थराच्या किमान 150 मिलिमीटर खाली हवी. तुमच्याकडे ती काढायला सांगितली आहे आणि वर पन्हळही गळतेय. म्हणजे पाणी कुठून येतंय ते बहुधा समोरच दिसतंय. दोन्ही दुरुस्त करा, भिंतीला वाळायला काही महिने द्या. तरी ओल राहिली तर ट्रीटमेंट न विकणाऱ्या स्वतंत्र सर्व्हेअरला बोलवा. तोपर्यंत 9,000 मधले 3,500 बाजूला राहू द्या, त्यातून सोफा घेऊ नका.

सासऱ्यांची काळजी मला कळते. लाल शेरा बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण जुन्या घरात वायरिंगचं अलीकडचं सर्टिफिकेट नसेल तर सर्व्हेअर बऱ्याचदा लालच देतो, कारण तो स्वतः वायरिंगची चाचणी करत नाही. त्याला फोन करा आणि थेट विचारा : पाया खचल्याची काही खूण दिसली का? भिंतीच्या तड्यांबद्दल काय वाटतं? उत्तर गंभीर आलं तर माझा सल्लाही बदलेल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती या सगळ्या रकमेहून मोठी ठरू शकते. ‘पहिलंच घर’ म्हणजे जगात कुठेही, कधीच घर नव्हतं, असा अर्थ इथला कर लावतो. दोघांपैकी कुणाच्याही नावावर भारतात फ्लॅट किंवा घरातला वारसाहक्काने आलेला वाटा असेल किंवा पूर्वी असला असेल, तर 3,00,000 पर्यंतची स्टॅम्प ड्युटीची (घरखरेदीवरच्या कराची) माफी जाते आणि 4,250 भरावे लागतात. तो हिस्सा आजही तुमच्याकडे असून 40,000 पौंड किंवा जास्त किमतीचा असेल, तर सर्वसाधारणपणे वर आणखी 5 टक्के, म्हणजे 14,250. सॉलिसिटरला हे आजच लेखी सांगा, आणि त्याच ईमेलमध्ये दोन्ही कामांची मागणी विक्रेत्याच्या सॉलिसिटरकडे पाठवायला सांगा.