मधल्या वर्षी कॉलेज बदललं, आता विचारायचं कुणाला?

खानदेशातून या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत विषय एकच होता: मधल्या वर्षी नव्या कॉलेजात गेलेली मुलं आणि त्यांचे मोबाइलवरचे ग्रुप. त्यांतले चार प्रश्न घेतो.

धुळ्याला डिप्लोमा करून जळगावला इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला आलो. प्रवेश उशिरा झाला. वर्गात सगळ्यांचे गट आधीच जमलेत आणि एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) डोक्यावरून जातंय. डिप्लोमावाल्यांचा टेलिग्राम ग्रुप आहे. त्यात वेळ घालवण्यात अर्थ आहे का?

आहे, पहिल्या सत्रात तर नक्कीच. तुझ्या वर्गातली बाकीची मुलं बारावी करून आली. पार्शियल डिफरन्सिएशन, मल्टिपल इंटिग्रल हे त्यांचं पहिल्या वर्षी होऊन गेलंय. तू त्या वर्षात नव्हतासच. सर "हे तुम्हाला येतंच" म्हणून पुढे सरकतात आणि तुझा हात वर होत नाही. बारावीवाल्या मित्राला तुझं कुठे अडतंय ते कळत नाही, कारण त्याचं तिथे कधी अडलंच नाही. गेल्या वर्षी याच वाटेने आलेल्याला मात्र ती जागा नेमकी ठाऊक असते. म्हणून हजारभर मेंबरांच्या गर्दीत तुझ्याच शाखेचे, तुझ्याच विद्यापीठाचे, तिसऱ्या वर्षातले दोघे-तिघे शोधून काढ.

आणि विचारायचं कसं, तेही शिकून घे. "एम-थ्री कसं काढू?" असं विचारलंस तर "होईल भावा, टेन्शन नको" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा गणित सोडवायला घे, अडलास त्या पायरीखाली पेन्सिलीने रेघ मार आणि वहीच्या पानाचा फोटो टाक: "इन्व्हर्स लाप्लासमध्ये इथे पार्शियल फ्रॅक्शन कसं पाडलं?" एवढ्या नेमक्या प्रश्नाला कुणीतरी स्वतःच्या वहीचं पान उलट पाठवतं, कारण उत्तर द्यायला त्यालाही दोनच मिनिटं लागतात.

पहिल्या सत्रात मार्क कमी पडले तर खचू नकोस. अमेरिकेत दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांचा अभ्यास फार आधीपासून होत आला आहे. बदलीनंतर लगेच गुण घसरतात आणि पुढे बरेचजण सावरतात, असं १९६५ साली जॉन हिल्स यांनी मांडलं आणि त्या घसरणीला 'ट्रान्सफर शॉक' म्हटलं. ग्रुपवरच्या सीनियरना त्यांचे पहिल्या सत्राचे मार्क विचारून बघ. ते मोकळेपणाने सांगतील आणि तुझा जीव भांड्यात पडेल.

मुलगी अमळनेरहून पुण्याच्या कॉलेजात गेली. रात्री उशिरापर्यंत कुठल्या तरी ग्रुपवर असते. ओळख ना पाळख, अशा मुलांशी काय बोलत असेल? (एक आई, चोपडा)

ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण ग्रुप सोडायला लावू नका. नव्या शहरात संध्याकाळी खोलीवर परतल्यावर तिला बोलायला कदाचित तेवढंच माणूस असेल. फोनवर "जेवलीस का" याच्यापुढे जाऊन "आज ग्रुपवर काय चाललं होतं?" असं सहज विचारत जा.

काही गोष्टी मात्र तिला स्पष्ट सांगा. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्यांना दिसतो, टेलिग्रामवर तो सेटिंगमधून लपवता येतो. मार्कशीट, आधार, खोलीचा पत्ता, ओटीपी यांतलं काहीही कुणालाही पाठवायचं नाही. कुणी वेगळा मेसेज करून एकटीला भेटायला बोलावू लागला तर त्याला ब्लॉक करायचं, अॅडमिनला कळवायचं आणि घरीही सांगायचं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की, मेसमध्ये तिच्यासोबत जेवायला कुणी आहे का? सत्र संपत आलं तरी उत्तर "नाही" असेल, जेवण-झोप बिघडली असेल, ती सारखी रडत असेल, तर ते ग्रुपवरच्या पोरांच्या आवाक्यातलं नाही. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, तिथे बोलावं. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२.

ग्रुपवर सगळे सांगतात, आता एबीसी आयडी (क्रेडिटच्या सरकारी खात्याचा नंबर) असला की क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे जमा गुणांक, आपोआप नव्या कॉलेजात जातात, टीसी-मायग्रेशन लागत नाही. खरं का?

नाही. २०२१ पासूनच्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझी क्रेडिट जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. ती धरायची की नाही, कोणत्या विषयापोटी धरायची, हे नवं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. टीसी लागतेच, आणि विद्यापीठ बदललं तर मायग्रेशनही. कोणत्या खिडकीवर जायचं, कोणता कागद आधी काढायचा, हे ग्रुपला विचार. नियम मात्र विद्यापीठाच्या परिपत्रकातच वाच. "पैसे द्या, ट्रान्सफर करून देतो" म्हणणारा ग्रुपवर दिसला तर लगेच अॅडमिनला कळव. आणि जुनं कॉलेज मूळ कागदपत्रं अडवून धरत असेल, तर तसं करायला यूजीसीची मनाई आहे. लेखी अर्ज कर आणि पोच घे.

धडगावचा आहे. तळोद्याहून धुळ्याच्या कॉलेजात आलो. घरी आम्ही पावरी, आमची आदिवासी बोली, बोलतो. माझ्या मराठीला हसतात म्हणून ग्रुपवर लिहीत नाही. सुट्टीत घरी रेंज नसते, तेव्हा मेसेज सुटतात.

हसणाऱ्यांची चूक आहे, तुझी नाही. तू दोन भाषांत शिकतोयस. मोठ्या ग्रुपवर नुसतं वाचत राहिलास तरी चालेल. पण तुझ्या वसतिगृहात, शेजारच्या कॉलेजात अक्राणी-अक्कलकुव्याची मुलं असतील, त्यांचा छोटा ग्रुप कर. पाच जण पुरेत. तिथे पावरीत व्हॉइस मेसेज टाका, लिहायची गरजच नाही. वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर आदिवासी विकास विभागाच्या स्वयं योजनेत राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात. प्रकल्प कार्यालयात स्वतः जाऊन विचार. याआधी तो अर्ज भरलेला कुणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला सोबत ने.

रेंजचं म्हणशील तर सुट्टीला निघण्याआधी धुळ्यात राहणाऱ्या एका मित्राला घरच्यांचा किंवा गावातल्या दुकानाचा असा नंबर देऊन ठेव, की ज्यावर निरोप पोहोचेल. आणि ग्रुपमध्ये वर पिन करून ठेवा ते एवढंच: परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती अर्जाची तारीख आणि कॉलेज ऑफिसची खिडकी किती वाजता उघडते ते.