इटर उभं राहतंय, मग स्पेनमध्ये वेगळं यंत्र कशाला?

प्रश्न: फ्रान्समध्ये इटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रयोगाच्या भट्टीचं काम चालू आहेच, तरी स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ नुसतं मटेरियल टेस्टिंगसाठी केवढं तरी मोठं सेंटर उभारतायत. रिअॅक्टर बांधून त्यातच स्टील तपासलं तर नाही का चालणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर: मला वाटतं फ्युजनमधला, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्यातला, सगळ्यात कमी चर्चा होणारा आणि तरीही सगळ्यात अडलेला प्रश्न हाच आहे. ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार एकत्र आले की १४.१ एमईव्हीचा (एमईव्ही हे कणांची एनर्जी मोजायचं एकक) न्यूट्रॉन सुटतो, आणि आपल्या अणुभट्टीतल्या फिशनच्या, म्हणजे जड अणू फोडताना सुटणाऱ्या, न्यूट्रॉनची सरासरी एनर्जी असते साधारण २ एमईव्ही. हा जोरदार न्यूट्रॉन भिंतीच्या स्टीलमधले अणू जागचे हलवतो ते हलवतोच, पण काही अणूंचे गाभेच फोडून आतमध्ये हेलियम तयार करतो, आणि ते हेलियम साठून बारीक बुडबुडे झाले की स्टील ठिसूळ होतं. फिशन भट्टीत तेवढाच मार दिला तरी हेलियम इतकं तयार होत नाही, म्हणून तिथली टेस्ट अर्धवटच राहते. इटरमध्ये न्यूट्रॉन बरोबर आहेत पण ते सतत चालणारं वीजकेंद्र नाही, त्यामुळे एकूण मार फार कमी बसणार. आणि भिंत किती टिकेल हे माहीत नसताना वीजकेंद्र बांधायचं म्हणजे विहिरीला पाणी लागेल की नाही ते न बघता मोटर घेण्यासारखं आहे!

म्हणून एस्कुझार गावाजवळ इफमिफ-डोनेस हे टेस्टिंगचं केंद्र उभं राहतंय. त्यात ड्युटेरॉनचा (ड्युटेरियमच्या गाभ्यांचा) १२५ मिलिअँपचा बीम ४० एमईव्हीपर्यंत नेऊन लिथियम या हलक्या धातूवर आदळवायचा, की त्यातून फ्युजनसारखे जोरदार न्यूट्रॉन सुटतात आणि ते मागे ठेवलेल्या नमुन्यांवर बसतात. बीमची शक्ती हिशोब केला तर ५ मेगावॅट, आणि तेही २० बाय ५ सेंटीमीटर एवढ्याशा जागेवर. घन धातू तिथे क्षणात वितळेल, म्हणून टार्गेट वाहतं ठेवलंय, २५ मिलिमीटर जाडीचा वितळलेल्या लिथियमचा पडदा सेकंदाला १५ मीटर वेगाने. बीम आणि लिथियम यांच्यामध्ये काचबिच काही नाही, थेट व्हॅक्यूम! पडद्यामागची प्लेट वक्र केलीय, त्यामुळे वळताना लिथियम प्लेटवर दाबलं जातं आणि आतला दाब वाढून ते उकळत नाही. मला तर सगळ्या डिझाइनमध्ये हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

अडचण पुढे आहे. सगळ्यात दाट न्यूट्रॉन मिळतात ती जागा अर्ध्या लिटरच्या आसपासच, त्यामुळे तपासायच्या स्टीलचे तुकडे छोटे करायला लागतात आणि छोट्या तुकड्यावरून मोठ्या भिंतीचं गणित कसं मांडायचं हा वेगळाच अभ्यास झालाय. लिथियमला पाणी चालत नाही म्हणून नमुने थंड करायला हेलियम वायू, आणि मार खाऊन किरणोत्सारी झालेले तुकडे काढायला रोबोट. एवढी शक्ती असलेला बीम खरंच चालेल का, हे बघायला जपानमध्ये रोक्काशोला आधी एक प्रोटोटाइप बांधला, तिथे २०१९ मध्ये १२५ मिलिअँप बीम ५ एमईव्हीपर्यंत नेऊन दाखवला.

प्रश्न: आपल्याकडे असं काही आहे का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: आहे ना, गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत. भिंतीच्या टाइल्सवर इलेक्ट्रॉन बीम मारून त्या उष्णता किती सोसतात ते बघतात, १४ एमईव्ही न्यूट्रॉनचा जनरेटरही आहे, डोनेसपेक्षा खूपच लहान पण मोजमाप शिकायला आणि तपासायला चांगला. इंजिनिअरिंग करत असाल तर मटेरियल सायन्स आणि व्हॅक्यूम हे दोन विषय मनापासून घ्या, या कामात दोन्ही रोज लागतात.