प्रॉपेलर बदलून भागत नाही, इंजिन उघडायलाच लावा

तुमची पोस्ट वाचली. उतरताना सेसना १७२ एस दोनदा उसळलं, तिसऱ्यांदा टेकताना पुढचं चाक मोडलं, प्रॉपेलरची दोन्ही पाती वाकली, आतले दोघे सुखरूप. विमान मुंबईबाहेर पडून आहे, तुम्ही अंधेरीतून फोनाफोनी करताय, आणि विमा कंपनी म्हणतेय, "प्रॉपेलर बदला, इंजिन ठीक दिसतंय." हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. इंधन, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे), मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, फोटो, तपास यंत्रणेच्या परवानगीशिवाय विमान न हलवणं, हे सगळं झालंय असं धरतो.

बाहेरून ठीक दिसण्याला इथे काडीची किंमत नाही. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला एक गिअर असतो, एका बोल्टवर आणि छोट्याशा डॉवेलवर (खुंटीवर) बसवलेला. फिरता प्रॉपेलर जमिनीला अडला की हिसका शाफ्टमधून थेट तिथे पोचतो. कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) आणि दोन्ही मॅग्नेटो याच गिअरवर चालतात. तो सुटला तर मॅग्नेटो दोन असून उपयोग नाही, इंजिन हवेत बंद. म्हणूनच अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेचा लायकमिंगसाठी, म्हणजे तुमच्या विमानातल्या इंजिनासाठी, एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) २००४-१०-१४ आहे: प्रॉपेलर आपटला की पुढच्या उड्डाणाआधी गिअर आणि डॉवेल तपासा, बोल्ट आणि लॉकप्लेट नवी घाला. तो आपल्याकडेही बंधनकारक. पुढच्या फ्लँजला (प्रॉपेलर बसतो ती चकती) डायल गेज लावून "रन-आउट मर्यादेत", म्हणजे शाफ्ट वाकलेला नाही, असा शेरा कोणी दिला, तर त्यातून मागच्या गिअरचं काहीच कळत नाही.

आता पैसे जातात ते ठिकाण. मुंबईतल्या एका विमा कार्यालयाने, नाव घेत नाही, नुकसान पाहणारा सर्व्हेअर पाठवायलाच अख्खा पावसाळा घालवला, आणि तोवर कशालाही हात लावू नका म्हणून बजावलं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन उभं राहिलं की तिथलं तेल निथळतं, आणि दमट हवेत कॅमचे लोब (उंचवटे) आणि त्यांना टेकणारे टॅपेट गंजतात. शेवटी इंजिन उघडल्यावर तोच गंज दाखवून "ही झीज, अपघाताचं नुकसान नव्हे" म्हणत दाव्याला कात्री लावली. स्वतःच केलेल्या उशिराचं बिल मालकाच्या माथी मारायचं, याचा राग अजून जात नाही.

तेव्हा आजच ईमेल टाका, फोनवर बोलणं मोजत नाहीत. सर्व्हे होईपर्यंत इंजिनाचं प्रिझर्व्हेशन, म्हणजे गंजापासून जपणूक, करायला लेखी परवानगी मागा: वरचे स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह तेल, जागी डेसिकंट (ओलावा शोषणारे) प्लग, एक्झॉस्ट आणि ब्रीदर (इंजिनाची हवा बाहेर सोडणारी नळी) बंद. प्रॉपेलर हाताने फिरवू देऊ नका. अंदाजपत्रकात इंजिन उघडणं, तपासणी आणि एडीचे सुटे भाग एका बाजूला, जुनी झीज वेगळ्या ओळीत. दोन्ही एकत्र लिहिलं की सगळंच अडकतं.

फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत, विसरू नका. पुढच्या चाकाचा स्ट्रट तिलाच बोल्ट केलेला असतो. केबिनमधून, रडर पेडलांपाशी कार्पेट उचलून टॉर्च मारा: पत्र्याला सुरकुती, ताणलेले रिव्हेट दिसले तर मामला रचनेच्या नुकसानाचा. नुसतं प्रॉपेलर-इंजिनाचं नुकसान असेल तर सहसा "अपघात" या व्याख्येत बसत नाही, मोठी रचनात्मक दुरुस्ती लागली तर बसतं. वर्गीकरण बदललं की कागदपत्रंही बदलतात.

मी तुमच्या विमानाचा एएमई (देखभालीवर सही करणारा परवानाधारक अभियंता) नाही, वकील तर नाहीच. पॉलिसीची भाषा प्रत्येकाची वेगळी, आणि सही करणाऱ्या एएमईचा शब्द शेवटचा.

जाता जाता, वैमानिकासाठी. पहिल्याच मोठ्या उसळीला नाक खाली दाबून विमान "बसवायला" जाऊ नये, त्यानेच दुसरी उसळी वाढते आणि पुढचं चाक आधी आपटतं. सरळ गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर: पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप (पंखांमागचे खाली वळणारे पत्रे) २० अंशांवर, वेग ६० नॉट. मुळात फुल फ्लॅपवर ६० ते ७० नॉटच्या पट्ट्यात आलं तर एवढी उसळी सहसा बसतच नाही. वेग १० टक्के जास्त म्हणजे ऊर्जा २१ टक्के जास्त, ती कुठेतरी जाणारच.

आणि ईएलटी (अपघातात आपोआप संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) तपासा. आपटण्याने तो सुरू झाला असेल तर १२१.५ मेगाहर्ट्झवर ऐकू येईल. एटीसीला कळवून मगच बंद करा.