दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर कसे काढावे?

प्रश्न : हेलसिंकी आणि अँकरेज ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. अक्षवृत्ताच्या रेषेने हिशोब केला, तर त्यांच्यातले अंतर साडेनऊ हजार किलोमीटर भरते. हवाई अंतरांच्या तक्त्यात मात्र ते साडेसहा हजारांच्या आसपास दिलेले आहे. एवढी तफावत का, आणि खरे अंतर स्वतः काढता येईल का?

उत्तर : तक्त्यातला आकडा बरोबर आहे. नकाशावर अक्षवृत्त सरळ दिसते. पण विषुववृत्त सोडले, तर गोलावरून त्याच्या कडेने जाणे म्हणजे वळसा घेणेच होय. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे ज्याचा मध्य पृथ्वीच्या केंद्राशी जुळतो अशा वर्तुळावरून जातो. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो सरकत थेट उत्तर ध्रुवाजवळ जातो.

अंतर स्वतः काढता येते, आणि प्रत्येकाने एकदा तरी काढून पाहावेच. दोन्ही विमानतळ पृथ्वीच्या केंद्राशी किती अंशांचा कोन करतात, एवढेच शोधायचे असते. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार त्यात मिळवावा. येणारी बेरीज हा त्या कोनाचा कोसाइन असतो. हेलसिंकीचा विमानतळ ६०.३२ उत्तर, २४.९६ पूर्व येथे आणि अँकरेजचा ६१.१७ उत्तर, १४९.९९ पश्चिम येथे आहे. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम असल्यामुळे त्यांची बेरीज करावी लागते आणि फरक १७४.९५ अंश येतो (तो १८० हून अधिक आला असता, तर ३६० मधून वजा करावा लागला असता). पहिला गुणाकार ०.७६१ येतो, दुसरा उणे ०.२३८ येतो आणि हे उणे चिन्हच बहुतेकांकडून सुटते. बेरीज ०.५२३, म्हणून कोन सुमारे ५८.४५ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की उत्तर ६,५०० किलोमीटर. कोनाला ६० ने गुणले, तर सुमारे ३,५०७ सागरी मैल मिळतात. वैमानिकांचा हिशोब याच एककात चालतो.

हा हिशोब पृथ्वी पूर्ण गोल मानून केलेला आहे. ती ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे तिथला एक अंश जरा लांब भरतो आणि या मार्गाचे अंतर वीसेक किलोमीटरने वाढते.

मात्र प्रत्यक्ष उड्डाण या रेषेवरूनच होईल असे समजू नये. वाऱ्याची दिशा, पर्यायी विमानतळांची सोय आणि बंद असलेले हवाई क्षेत्र यांनुसार मार्ग बदलतो. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यापासून लंडन आणि टोकियो यांमधील ब्रिटिश व जपानी विमाने पूर्वीपेक्षा कितीतरी लांबचा मार्ग घेतात, तरी तक्त्यातले त्यांचे अंतर एका किलोमीटरनेही बदललेले नाही.