कुमारांच्या कादंबऱ्या वाचताना चिडचिड होते

प्रश्न : तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, वय 46. कुमार विभाग सुरू करायचाय म्हणून किशोरवयीनांच्या कादंबऱ्या वाचतेय. एकीनं खूप रडवलं, दोन अर्ध्यावर सोडाव्याशा वाटल्या. एकीतली मुलगी स्वतःला इजा करून घेते. ते पुस्तक मी टेबलाच्या खणात ठेवलंय. या कामासाठी माझं वय झालं का?

उत्तर : ताई, वयाचा प्रश्न नाही. तुम्ही बहुधा आईच्या जागेवरून वाचताय. या कादंबऱ्यांतला 'मी' बऱ्याचदा पंधरा-सोळा वर्षांचा असतो आणि घडतंय तसंच सांगत जातो. मागाहून येणारं शहाणपण लेखकानं त्याला मुद्दाम दिलेलं नसतं. त्याचा हट्ट हा पुस्तकाचा दोष नव्हे. त्याचं चुकतंय हे लेखकालाही उमगलं नसेल, तर मात्र पुस्तक फसलं. आई, मैत्रीण, सर यांच्याकडे बघा : त्यांना स्वतःचं काही म्हणणं आहे, की ती नुसती नायिकेला अडवायला येतात? अनुवाद असेल तर संवादाचं एखादं पान मोठ्यानं वाचा. कित्येकदा कंटाळा गोष्टीचा नसतो, अवघडलेल्या मराठीचा असतो.

दर पुस्तकाचं एक कार्ड करा. पुढे तुमचं मत, अगदी मोकळेपणानं. मागे : कोणत्या वयाला, कशा वाचकाला, पहिल्या 30 पानांत काय घडतं, अवघड प्रसंग कुठल्या पानावर. पुस्तक निवड समितीपुढे मागची बाजूच ठेवायची. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे सूत्र आपल्या नावडत्या पुस्तकांनाही लागू आहे.

खणातलं पुस्तक पुन्हा वाचा. इजा कशी केली याचं बारीक वर्णन आहे का? ती सुटकेसारखी रंगवलीय का? मुलगी कुणाशी बोलते का, मदत मिळते का? पहिल्या दोन्हींना 'नाही' आणि शेवटच्याला 'हो' असेल तर पुस्तक मांडणीवर आणा. टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 आणि चाइल्डलाइन (मुलांसाठीची हेल्पलाइन) 1098 हे क्रमांक आतल्या पानावर चिकटवा, पण विभागातल्या सगळ्याच पुस्तकांत. एकातच चिकटवलेत तर ते नेणारी मुलगी काउंटरवर उघडी पडेल. देवघेव करताना पुस्तकाचं नावही मोठ्यानं वाचू नका.

आणि ही पुस्तकं बाइंडिंगला देताना मूळ मुखपृष्ठ काढू देऊ नका. काळ्या रेक्झिनमधल्या कादंबरीला चौदा वर्षांचं पोर हात लावत नाही. प्लास्टिकचं आवरण घाला, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडा, आणि रॅक बालविभागापासून लांब ठेवा. परीकथांशेजारी उभं राहायला या वयाला लाज वाटते.